गवत स्पष्ट, चमचा अस्पष्ट

माझ्याकडे चमच्याचे एकशे बारा फोटो आहेत, आणि त्या एकशे बाराही फोटोंमध्ये गवत अप्रतिम आलं आहे. पात्यापात्याची शीर मोजता येते. एका पात्यावर नाकतोडा बसला आहे, त्याच्या मिश्यासुद्धा दिसतात. त्याच्या मागे, जिथे चमचा असायला हवा, तिथे कुणीतरी चुन्याचा बोळा फेकून मारल्यासारखा एक पांढरा डाग आहे. असे एकशे बारा डाग.

चमचा हे एका पक्ष्याचं नाव आहे. गेल्या दोन महिन्यांत हे मला इतक्या लोकांना सांगावं लागलं की आता मी आधीच सांगून टाकते. बगळ्यापेक्षा मोठा, पांढराशुभ्र, चोचीचं टोक पळीसारखं पसरट. ती चोच पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत तो असा चालतो, जणू कुणाच्या तरी घरची आमटी ढवळतो आहे. पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागलं की गव्हाणच्या अलीकडे उजव्या हाताला एक तळं आहे. लोक त्याला आडवं तळं म्हणतात. भरतीचं पाणी नाल्यातून आत येतं, ओहोटीला थोडं जातं, बाकीचं राहतं. दर थंडीत तीस-चाळीस चमचे तिथे उतरतात. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, आणि गेली बारा वर्षं थंडीतल्या रविवारी स्कूटर काढून त्यांना बघायला जाते. नुसत्या डोळ्यांनी बघत होते तोवर सुखात होते. मग पन्नाशीच्या वाढदिवसाला प्रदीपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला कॅमेरा दिला.

त्या डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी तळ्याच्या एका कोपऱ्यात पाणी नव्हतं. तिथे विटांचे तुकडे होते, फुटक्या टाइल्स होत्या, आणि सगळ्यात वर, मखरात बसवल्यासारखा, कुणाचा तरी निळा कमोड होता.

भागी शेजारीच पाण्यात उभी राहून चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरत होती. भागी डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवर राहते. वीटभट्टीवर काम असेल तेव्हा भट्टीवर जाते, नसेल तेव्हा तळ्यावर येते. त्या दिवशी जे मिळेल ते त्या दिवशीचं जेवण. आमची ओळख बारा वर्षांची आहे, आणि चमचे कुठल्या कोपऱ्यात बसलेत हे मला नेहमी तीच सांगते.

"डंपर येतात बाई," ती म्हणाली. "आठ-धा दीस झाले. सकालचे येतात, खाली करतात नि जातात. आमी बोललो तर बोलतात, ही जागा सुकी हाय."

"सुकी?"

"हां. सुकी." कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तिने मला हे सांगितलं.

मी तक्रारी करत हिंडणारी बाई नाही. प्रदीपचं मत वेगळं आहे, पण तो माझा नवरा आहे, त्याचं मत धरायचं कारण नाही. मी सरळ, सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, विषय घातला 'चमच्यांच्या अधिवासावरील अतिक्रमणाबाबत', सोबत त्या एकशे बारांतले निवडक सहा फोटो जोडले आणि संबंधित कार्यालयात गेले. संबंधित कार्यालय कुठलं, हे शोधण्यातच तीन दिवस गेले, कारण प्रत्येक कार्यालय दुसऱ्याला संबंधित म्हणत होतं. अखेर ज्या कार्यालयाला नकार द्यायला जरा उशीर झाला, तिथे माझा अर्ज घेतला गेला.

खिडकीत रूपेश नावाचा कारकून होता. त्याने विषय वाचला, मान वर करून आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, चमचे कुठल्या साहेबांचे?"

मी त्याला पक्षी समजावून सांगितला. तो निराश झाला. माझ्या अर्जाकडून त्याची काहीतरी मोठी अपेक्षा असावी.

नवव्या दिवशी उत्तर आलं. ते मला आता तोंडपाठ आहे. 'अर्जासोबतच्या छायाचित्रांचे अवलोकन केले असता गवत स्पष्ट व पक्षी अस्पष्ट दिसून येतात. सबब सदर जागा गवताळ व कोरडी असल्याच्या दप्तरी नोंदीस पुष्टी मिळते. पंधरा दिवसांच्या आत सुस्पष्ट छायाचित्रे सादर न केल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल.'

म्हणजे माझाच पुरावा त्यांनी माझ्यावर उलटवला होता. मी ते पत्र स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं, आणि त्या दिवशीची पोळी करपली ती माझ्यामुळे करपली नाही.

प्रदीप रसायनीच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. कुठल्याही संकटात तो शांत असतो, आणि त्याची ती शांतता हेच आमच्या घरातलं मुख्य संकट आहे. तो म्हणाला, "किशोरी, आपण एकेक कारण बाद करत जाऊ. पहिलं, लेन्सच्या बाजूला जे बटण असतं ते ऑटोवर आहे का?"

"आहे."

"बघितलंस?"

"बघितलं."

त्याने उठून स्वतः बघितलं. ते ऑटोवर होतं. "ठीक आहे, हे बाद," तो म्हणाला आणि वहीत तशी नोंद केली. मी त्या वहीबद्दल काही बोलले नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात मी काय काय बोलले नाही याचीही एक वही होऊ शकेल.

मग मी कॅमेऱ्याबरोबर आलेलं तीनशे बारा पानांचं पुस्तक वाचायला घेतलं. एकशे एकोणऐंशीव्या पानावर एक यादी होती, कशाकशावर फोकस नीट बसणार नाही त्याची. फार पांढऱ्या वस्तू. चमकणाऱ्या पाण्यातल्या वस्तू. गवताच्या किंवा जाळीच्या मागच्या वस्तू. हलणाऱ्या वस्तू. थोडक्यात, चमचा. कॅमेरा बनवणाऱ्यांनी चमचा बघितला होता, त्याचा नीट अभ्यास केला होता आणि त्याला हात न लावायचं ठरवलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

तळमजल्यावरच्या नियाजभाईंना हे कळलं तेव्हा ते स्वतः वर आले. त्यांनी बावीस वर्षं दोह्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या गोदामात काम केलं आहे. त्यामुळे आमच्या इमारतीतली प्रत्येक बंद पडलेली वस्तू एकदा त्यांच्या हाताखालून जाते, आणि त्यातल्या काही चालूही होतात.

"ताई, तकलीफ कॅमेऱ्यात नाही," त्यांनी लेन्स काढून आत बघत सांगितलं. "तकलीफ या पितळी टाचण्यांमध्ये आहे. लेन्स आणि कॅमेरा एकमेकांशी बोलतात ते यांच्यातून. इथे जरा मैल बसला, की दोघांची बोलचाल बंद. मियाँ-बीवीसारखं."

प्रदीप हसला. मी हसले नाही.

त्यांनी माझ्या कंपासमधलं खोडरबर मागवून त्या टाचण्या पुसल्या. पुसल्यावर खोडरबराचे कण आत पडले. ते काढायला त्यांनी फुंकर मारली. फुंकर मारू नये, हे पुस्तकाच्या बासष्टाव्या पानावर जाड अक्षरात होतं, पण मी ते वाचून दाखवेपर्यंत फुंकर मारून झाली होती. आता प्रत्येक फोटोत वरच्या उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका येऊ लागला. गवत मात्र पूर्वीसारखंच स्पष्ट.

"ठिपका पक्ष्यावर तर नाही ना येत?" नियाजभाईंनी विचारलं.

"नाही."

"मग अल्हम्दुलिल्ला," ते म्हणाले आणि खाली गेले.

त्या रविवारी मी ऑटोफोकस बंदच करून टाकला आणि लेन्सचं कडं हाताने फिरवून फोटो काढले. भागी बांधावर बसून बघत होती. मी कडं फिरवून चमचा नीट दिसेपर्यंत चमचा दोन पावलं पुढे जाई, मी पुन्हा फिरवी, तो पुन्हा जाई. असं बराच वेळ चाललं.

"तुमच्या डब्याला दिसत नाय का, बाई?" तिने विचारलं.

"दिसतं. जवळचं दिसतं."

"माज्या सासूचंबी तसंच हाय."

हाताने काढलेल्या फोटोंमध्ये ना गवत स्पष्ट होतं, ना चमचा. त्यातला एक, जरा बरा वाटणारा, मी इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, कुणाला काही उपाय माहीत असेल तर सांगा म्हणून. पहिल्या पाच मिनिटांत चौदा हात जोडले गेले, कारण लोकांना तो कुठल्या तरी देवस्थानाचा फोटो वाटला. मग चौथ्या मजल्यावरच्या दिपाने लिहिलं, 'काकू, रागावू नका, पण मोतीबिंदू असेल. माझ्या आईला अगदी असंच दिसायचं.' त्याखाली नऊ जणांनी अंगठे दाखवले. प्रदीपनेही. विचारल्यावर म्हणाला, "तेही कारण बाद करून टाकू."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझे डोळे अर्धा तास तपासले आणि सांगितलं की या वयात इतके चांगले डोळे त्यांनी क्वचित बघितले आहेत. मला बरं वाटणार, इतक्यात त्यांनी विचारलं, मोतीबिंदूची शंका का आली. मी कॅमेऱ्याचं सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी टेबलावरचा संगणक माझ्याकडे वळवला आणि एक फोटो उघडला. चमचा. चोचीवरून ओघळणारा पाण्याचा थेंब, त्या थेंबात सूर्य, चोचीच्या टोकाचा पिवळा ठिपका, सगळं.

"गेल्या वर्षी काढला," ते म्हणाले. "सोपा पक्षी आहे. हळू चालतो."

मी बाहेर येऊन पाच मिनिटं औषधाच्या दुकानासमोर उभी राहिले आणि नुसती श्वास घेत राहिले.

दहा दिवस संपले होते. मी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि कॅमेरा घेऊन वाशीच्या दुरुस्ती केंद्रात गेले. काउंटरवर भाविका नावाची मुलगी होती. ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मॅम' म्हणायची आणि तिच्यावर रागवायला कुठेच जागा सापडत नव्हती. तिने कॅमेरा स्टँडवर लावला, समोरच्या भिंतीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक तक्ता होता त्यावर रोखला आणि बटण दाबलं. टिट. फोटो इतका स्वच्छ आला की तक्ता छापणाऱ्याचं नावसुद्धा वाचता आलं.

"फोकस परफेक्ट आहे, मॅम."

"तक्त्यावर परफेक्ट आहे. मला तक्त्याचे फोटो काढायचे नाहीत."

"काय आहे मॅम, तुम्ही फोकसचे सगळे पॉइंट चालू ठेवलेत. मग कॅमेरा स्वतः ठरवतो. जे जवळ असेल आणि ज्याच्यात काळं-पांढरं जास्त ठळक असेल ते तो आधी पकडतो. तुम्ही मधला एकच पॉइंट ठेवा."

हे मला कुणीतरी डिसेंबरात सांगायला हवं होतं. पुस्तकात असेलच, तीनशे बारा पानांत कुठेतरी. मी तिचे आभार मानले. मग तिने छापून दिलेला कागद वाचला. 'उपकरणात दोष आढळला नाही. वापरणाऱ्यास मार्गदर्शनाची गरज आहे.'

सत्तावीस वर्षं मी मार्गदर्शन करते आहे. माझ्या मार्गदर्शनाखाली शिकलेले चार जण डॉक्टर आहेत, आणि त्यातला एक डोळ्यांचा आहे, हे मला त्या क्षणी आठवायला नको होतं. मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. प्रदीपला दाखवला नाही. त्याने तो वहीत चिकटवला असता.

शेवटचा दिवस सोमवार होता, म्हणून मी रविवारी पहाट फुटता फुटता तळ्यावर पोचले. प्रदीप आणि नियाजभाई दोघंही आले होते. प्रदीप वही घेऊन, नियाजभाई खोडरबर घेऊन. मी दोघांनाही रस्त्यावरच उभं राहायला सांगितलं.

कोपऱ्यातला भराव आता कोपऱ्यात मावत नव्हता. तळ्याचा निम्मा भाग गेला होता. निळा कमोड कुठेतरी खाली गाडला गेला होता. उरलेल्या पाण्यात सतरा चमचे होते, मी मोजले. भागी त्यांच्यापासून थोड्या अंतरावर चिखलात हात घालून बसली होती. आता तिला तिथे फार काही मिळत नव्हतं. तिने पिशवी उघडून दाखवली. तळाशी चार चिंबोऱ्या होत्या, बोटाएवढ्या.

मी मधला एकच पॉइंट लावला. बरोबर चमच्यावर धरला. बटण अर्धं दाबलं. लेन्स पुढे गेली, घर्र, मागे आली, घर्र, पुन्हा पुढे गेली. टिट काही झालं नाही. पांढऱ्या धुक्यात पांढऱ्या पाण्यावर पांढरा पक्षी, त्यात तिला पकडायला काही सापडेना. ती पुढेमागे करत राहिली, आणि मी पुस्तकातल्या एकशे एकोणऐंशीव्या पानाला तोंडातल्या तोंडात जे बोलले ते शाळेत बोलता येत नाही. रागाच्या भरात मी सगळे पॉइंट पुन्हा चालू करून टाकले. निदान नाकतोडा तरी येईल.

तेवढ्यात डंपर आला.

तो उलटा येत होता, मागच्या बाजूने, टीं टीं टीं करत. मी भरावाच्या टोकाला उभी होते आणि तो सरळ माझ्याकडे येत होता. मी ओरडले. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढून मला बघितलं, हाताने बाजूला व्हा म्हणून खूण केली आणि पुन्हा डोकं आत घेतलं.

मी आजवर कुणाला शिवी दिलेली नाही. वर्गात खडू फेकून मारलेला नाही. मी त्या डंपरसमोर उभी राहिले आणि जे हातात होतं ते त्याच्यावर रोखून बटण दाबत सुटले. टिट, टिट, टिट. मघापर्यंत हट्टाने गप्प बसलेला तो कॅमेरा कोंबडी बोलावी तसा बोलत होता. भागी चिखलातून धावत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली, मागून प्रदीप धावत आला, त्याची वही वाटेत पडली, आणि डंपर आमच्यापासून आठ-दहा हातांवर थांबला. त्याने तिथेच भराव ओतला. आवाजाने सतराही चमचे उडाले. धूळ खाली बसली तेव्हा डंपर निघून गेला होता आणि नियाजभाई रस्त्यावरून विचारत होते, "सगळे खैरियत?"

प्रदीपच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच अशांतता बघितली. तो म्हणाला, "किशोरी, हे आपण बाद करायला नको होतं." त्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते त्यालाही कळलं नसावं, पण मला ते आवडलं.

घरी येऊन फोटो संगणकावर टाकले. एकतीस फोटो. चमचे सगळ्यांत पांढरे डाग होते, आकाशात पसरलेले. पण डंपर! पिवळ्या पाटीवरचे काळे आकडे इतके स्पष्ट की खिळ्यांचा गंजही दिसावा. खिडकीबाहेर आलेल्या ड्रायव्हरच्या बोटांतली तंबाखूची पुडी. मागे ओतला जाणारा भराव, त्याच्या खाली लखलखणारं पाणी. आणि फाळक्यावर, पांढऱ्यावर काळ्या ठळक अक्षरांत लिहिलेली पाटी: 'शासकीय कामावर'. खाली कंत्राटदाराचं नाव, कामाचं नाव, आणि ज्या कार्यालयाने ते काम दिलं त्या कार्यालयाचं नाव.

ते कार्यालय मला माहीत होतं. रूपेश तिथेच बसतो.

सोमवारी मी खिडकीवर फोटो ठेवले. रूपेशने पहिला उचलला. "मॅडम, यातही पक्षी अस्पष्ट..." म्हणताना त्याची नजर खाली पाटीवर गेली आणि वाक्य तिथेच राहिलं. त्याने फोटो उलटा ठेवला. दुसरा बघितला. तोही उलटा ठेवला. मग तो आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला, तोपर्यंत मागे रांग लागली होती आणि रांगेतला प्रत्येक जण ते फोटो हातात घेऊन बघत होता. मी तशी सोय केली होती.

"मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "साहेब म्हणतात, फोटो फारच चांगले आहेत. फक्त हा जो खालचा भाग आहे, तो जरा... अस्पष्ट करून मिळेल का?"

मी कानावर विश्वास बसावा म्हणून त्याला पुन्हा विचारलं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो तो आवाज. "काय करून हवं आहे?"

"नाही, म्हणजे, पक्षी जसे आलेत ना, तसं."

"कॅमेऱ्यात दोष नाही," मी म्हणाले. पर्समधून दुरुस्ती केंद्राचा कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. "लेखी आहे. हाही अर्जाला जोडा. आणि सगळ्यावर आवक क्रमांक टाकून मला पोच द्या. मी इथेच थांबते."

त्याने शिक्का मारला. शिक्का जरा फिका उमटला. मी पुन्हा मारायला लावला.

गुरुवारी साहेब स्वतः जागेच्या पाहणीला आले. बरोबर रूपेश होता, हातात पॅड आणि कार्बन. आमच्या बाजूने मी, प्रदीप, नियाजभाई आणि भागी. साहेबांच्या पायांत चकचकीत काळे बूट होते. त्यांनी बांधावरूनच हात फिरवला.

"हे बघा, मॅडम, तुमच्या भावना मला समजतात. पण हे सगळं कोरडं आहे. उन्हाने भेगा पडल्यात, डोळ्यांना दिसतंय."

"सायेब, वरून सुकं दिसतंय," भागी म्हणाली. "खाली नाय."

"तुम्ही थांबा जरा," साहेब तिला म्हणाले आणि कोरडेपणा सिद्ध करण्यासाठी बांधावरून खाली उतरले. पहिलं पाऊल वरच राहिलं. दुसरं घोट्यापर्यंत गेलं. तिसरं गुडघ्यापर्यंत.

लांब उरण रस्त्यावरून एक एसटी गेली.

"हलू नका, सायेब," भागी म्हणाली. "हललात का अजून जाल." ती चिखलात उतरली, जिथे पाय ठरतो तिथेच पाय देत गेली, आणि साहेबांच्या काखेत हात घालून तिने त्यांना बाहेर ओढलं. साहेब आले. उजवा बूट आला नाही. तिने कोपरापर्यंत हात घालून तो शोधला, पण चिखल त्यावर बसला होता, आणि जिथून तिने हात काढला त्या खड्ड्यात बघता बघता पाणी भरलं.

रूपेश पॅड घेऊन पुढे आला. त्याने एकदा साहेबांच्या मोज्याकडे बघितलं, एकदा कागदाकडे. "साहेब, काय लिहू? कोरडी?"

साहेबांनी त्या खड्ड्याकडे बघितलं. "पाणी लिही," ते म्हणाले.

"किती?"

"गुडघाभर."

भराव टाकणं त्या दिवसापासून थांबलं आहे. टाकलेला भराव उचलायचं काम मात्र वेगळ्या टेबलावर आहे, तिथे वेगळा अर्ज लागतो, आणि तो मी केला आहे. ते टेबल मला आता ओळखतं.

त्या गुरुवारी मात्र अजून पंचनामा व्हायचा होता, आणि पंचनाम्याला स्थानिक पंच लागतो. रूपेश इकडेतिकडे बघू लागला. गव्हाणात कुणी ओळखीचा आहे का बघतो, म्हणाला. मी म्हणाले, स्थानिक समोर उभी आहे, बारा वर्षं मी तिला इथे बघते, त्याआधीही ती इथेच होती, आणि तुमच्या साहेबांना या जागेतून बाहेर काढायचं कुठल्या तरी पंचाला जमलं असतं का ते सांगा. साहेब म्हणाले, घ्या, घ्या, लवकर घ्या.

"अंगठा चालेल," रूपेश म्हणाला आणि शाईचा डबा उघडला.

"अंगठा नाय," भागी म्हणाली. "मी लिवते."

तिने पदराला हात पुसले. दोन्ही बाजूंनी, बोटाबोटांमधून, नखांपर्यंत, मगच पेन हातात घेतलं. वाडीवर साक्षरतेचा वर्ग चालायचा तेव्हा दोन वर्षं ती त्यात बसली होती, हे मला त्या दिवशी कळलं. तिने बांधावर बसून पॅड मांडीवर घेतलं. भ काढला. थांबली, बघितलं. काना दिला. ग काढायला घेतला, तो तिला आवडला नाही, म्हणून त्याच्या शेजारी दुसरा काढला.

सूर्य डोक्यावर आला होता. साहेब एका बुटावर उभे होते, दुसऱ्या पायाचा ओला मोजा जमिनीला लागू नये म्हणून तो पाय जरा वर धरून. त्यांनी घड्याळ बघितलं आणि रूपेशकडे बघितलं. रूपेशने माझ्याकडे बघितलं.

"भागी," मी म्हणाले, "आडनावही लिही."

"लिवू?"

"लिही. आणि वाडीचं नाव. पूर्ण."

ती पुन्हा खाली वाकली.